लक्ष्मीपुरीतले सफरचंदवाले चाचा: जात आणि महिना सांगून फळ विकणारं दुकान

कोल्हापुरात सफरचंद बारा महिने आणि गल्लोगल्ली मिळतं. चांगलं निघणं मात्र नशिबावर, अशी आपण समजूत करून घेतली आहे. लालभडक फळ घरी आणायचं, चावा घेतला की तोंडात ओला भुस्सा आल्यासारखं वाटायचं, आणि मग ते फ्रूट सॅलडमध्ये ढकलायचं. यात नशीब फार थोडं असतं. फळ कुठल्या जातीचं, कधी तोडलेलं आणि तोडल्यापासून कसं ठेवलेलं, या तीन गोष्टी कळल्या की निम्म्याहून जास्त अंदाज दुकानातच येतो. या तिन्ही गोष्टी न विचारता सांगणारं एक दुकान लक्ष्मीपुरीत आहे.

दुकान लहान आहे. धान्याच्या पेठेकडून आत येणाऱ्या एका बोळाच्या तोंडाला पुढं तीन पायऱ्यांची मांडणी, मागं एक थंड खोली, बस्स. चालवणारे बागवान चाचा साठीच्या पुढचे. त्यांचे वडीलही फळाचाच धंदा करायचे. "नाव कशाला छापताय, फळाबद्दल लिवा की," असं त्यांनी सांगितल्यामुळं पाटीवरचं नाव देत नाही. बोळात कुणालाही सफरचंदवाले चाचा विचारलं तरी दाखवतील.

एक गोष्ट आधी सांगतो. माझा धंदा रेफ्रिजरेशनचा. शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या कारखान्यांतली चिलिंग यंत्रं, आइस्क्रीमवाल्यांचे डीप फ्रीजर आणि फळवाल्यांच्या थंड खोल्या बघतो. चाचांच्या खोलीचा कॉम्प्रेसरही मीच बघतो. ते माझं बिल पूर्ण देतात, मी सफरचंदाचे पैसे पूर्ण देतो. पण या धंद्यामुळं कुठल्याही फळाच्या दुकानात माझी नजर मांडणीवर जायच्या आधी मागच्या खोलीवर जाते, आणि चाचांच्या खोलीबद्दल मी खात्रीनं बोलू शकतो.

खोलीत 1 ते 2 अंश तापमान असतं. त्याहून महत्त्वाचं म्हणजे हवा ओलसर ठेवलेली असते. नुसतं थंड आणि कोरडं ठेवलं तर सफरचंदातलं पाणी उडतं आणि साल सुरकुतते. चाचा जमिनीवर पाणी मारतात आणि पेट्या भिंतीपासून चार बोटं लांब लावतात, म्हणजे हवा फिरते. केळी या खोलीत कधीच येत नाहीत. पहाटे तालमीतली पोरं केळी आणि सफरचंदं एकदम न्यायला येतात, त्यांनासुद्धा चाचा दोन वेगळ्या पिशव्या देतात आणि घरी गेल्यावर लांब लांब ठेवा म्हणून बजावतात.

याचं कारण असं, की तोडलेलं सफरचंद मेलेलं नसतं. ते श्वास घेतं, ऑक्सिजन घेऊन कार्बन डायऑक्साइड सोडतं, उष्णता सोडतं आणि पिकताना इथिलीन नावाचा वायूही सोडतं. पिकणारं फळ हा वायू स्वतःच तयार करतं, हे रिचर्ड गेन या इंग्रज संशोधकानं 1934 मध्ये सफरचंदांवरच सिद्ध केलं. एक पिकलेलं फळ शेजारच्याला पिकवतं, दोघं मिळून तिसऱ्याला. म्हणून पेटीत एक नासकं राहिलं की सगळी पेटी जाते. हाच गुण आंब्याच्या दिवसांत उपयोगी पडतो. घरच्या आढीत दोन-तीन पिकलेली सफरचंदं ठेवली तर हापूस छान पिकतो, त्यासाठी कार्बाइड लागत नाही, आणि कार्बाइडनं फळ पिकवायला कायद्यानं बंदीच आहे. चाचा एप्रिलमध्ये आढीसाठी म्हणून मऊ पडलेली सफरचंदं वेगळी काढून स्वस्तात देतात. ही सोय मला इतर कुठं दिसली नाही.

आता मूळ तक्रारीकडं येतो, पिठूळ सफरचंद. फळातल्या पेशी एकमेकींना पेक्टिननं चिकटलेल्या असतात. ताज्या फळात दात रुतला की पेशी फुटतात आणि रस बाहेर येतो, तो कुरकुरीतपणा. फळ जास्त पिकलं की हे पेक्टिन विरघळतं, आणि मग दात लागला की पेशी न फुटता नुसत्या सुट्या होतात. रस आतच राहतो आणि जिभेला पीठ लागतं. म्हणजे फळात पाणी कमी असतं असं नाही, ते बाहेरच येत नाही. हे एकदा झालं की फ्रिजमध्ये कितीही ठेवा, फळ परत कडक होत नाही.

आणि रंगाचा याच्याशी संबंध नाही. सालीवरचा लाल रंग उन्हानं आणि थंड रात्रींनी येतो. तो लवकर चढावा म्हणून काही बागांमधून इथेफॉन या रसायनाची फवारणीही होते. ऑगस्टमध्ये चाचांकडून एकाच पेटीतली रॉयल जातीची दोन सफरचंदं घेतली, एक गर्द लाल आणि एक हिरवट पट्टे असलेलं. दुकानातच दोन्ही आडवी कापली आणि कापलेल्या भागावर आयोडीन लावलं. मिनिटभरात गर्द लाल फळ गाभ्यापासून सालीपर्यंत निळंकाळं झालं. पट्टेवालं फळ मध्ये स्वच्छ राहिलं, फक्त सालीजवळ काळी कड आली. आयोडीन पिष्टाला काळं करतं. फळ पिकतं तसं पिष्टाची साखर होते, आणि ती गाभ्याकडून बाहेर होत जाते. म्हणजे लाल फळ कच्चं होतं आणि पट्टेवालं तयार. बागायतदार तोडणीची वेळ ठरवायला हीच चाचणी वापरतात. चाचांना आयोडीनची गरज नव्हती. "बी बघा की मिस्त्री," म्हणाले. लाल फळाच्या बिया पांढुरक्या होत्या, दुसऱ्याच्या चॉकलेटी. चाळीस वर्षं फळ हाताळलेल्या माणसाचा डोळा कसा असतो, ते तिथं दिसलं.

आडवं कापल्यावर मध्ये पाच पाकळ्यांची चांदणी दिसते, ती बघत जा. खरं फळ म्हणजे ती चांदणी आणि तिच्याभोवतीचं बियांचं घर. आपण खातो तो गर फुलाच्या बुडाचा फुगलेला भाग आहे. गुलाबाच्या कुळातलं हे झाड.

आपण ज्याला काश्मिरी किंवा शिमल्याचं सफरचंद म्हणतो, त्यातलं बहुतेक डेलिशस घराण्यातलं असतं, आणि ते घराणं मूळचं अमेरिकेतलं. आयोवा राज्यात जेसी हायट नावाच्या शेतकऱ्याच्या शेतात ओळ सोडून एक रोप उगवलं. त्यानं ते कापलं, पुन्हा फुटलं, पुन्हा कापलं, पुन्हा फुटलं, मग वाढू दिलं. मिझुरीतल्या स्टार्क नर्सरीनं 1890 च्या दशकात त्याचे हक्क घेऊन त्याला डेलिशस नाव दिलं. तिथून हे झाड आपल्याकडं आणलं सॅम्युअल स्टोक्स यांनी. फिलाडेल्फियाच्या सधन घरातला हा तरुण 1904 मध्ये कुष्ठरुग्णांच्या सेवेसाठी हिंदुस्थानात आला, शिमल्याच्या वरच्या कोटगढला स्थायिक झाला आणि 1916 च्या सुमारास त्यानं तिथं डेलिशसची रोपं लावली. पुढं स्वातंत्र्य चळवळीत तुरुंगात गेला आणि सत्यानंद झाला. त्याच्या आधीही कुलूच्या खोऱ्यात इंग्रजांनी सफरचंदं लावली होती, पण ती आंबटसर. पहाडातल्या घराघरात पैसा आला तो स्टोक्सच्या गोड फळामुळं. मला या माणसाबद्दल फार आदर वाटतो.

पुढं अमेरिकेत बाजाराला लाल रंग हवा म्हणून डेलिशसच्या जास्त जास्त लाल फांद्या निवडून त्यांचीच कलमं होत गेली आणि चव मागं पडत गेली. 2018 मध्ये तिथं गाला या जातीनं रेड डेलिशसला उत्पादनात मागं टाकलं. आपण अजून लालच मागतो. चाचांकडं कोपऱ्यात गोल्डन डेलिशसची एक पेटी असते, पिवळी म्हणून लोक शिळी समजतात. सप्टेंबरात ती जरूर घ्या. मधासारखा वास, पातळ साल, आणि भाव रॉयलपेक्षा किलोला वीस-तीस रुपयांनी कमी. बागेत ही जात रॉयलच्या शेजारी मुद्दाम लावतात, कारण सफरचंदाला परागकण दुसऱ्या जातीचे लागतात.

दुकानातलं सगळ्यात चांगलं फळ माझ्या मते हिमाचलातल्या किन्नौरचं. ते ऑक्टोबरच्या मध्यापासून येतं. उंचावर पिकतं, कडक असतं, आणि सालीवर स्वतःच्या मेणाची धुरकट झाक असते. फडक्यानं पुसली की चमकते. नखानं मेण खरवडून "केमिकल आहे" म्हणणारी गिऱ्हाइकं मी तिथं बघितली आहेत. प्रत्येक सफरचंद स्वतःचं मेण तयार करतं. परदेशी फळ धुताना ते निघून जातं म्हणून वरून कार्नोबा या ताडाच्या पानांचं किंवा लाखेचं खाण्याजोगं मेण देतात, त्याला परवानगी आहे. किन्नौरच्या काही फळांत कापल्यावर गाभ्याभोवती काचेसारखा पारदर्शक भाग दिसतो. माझ्या बायकोनं पहिल्यांदा ते नासकं समजून बाजूला काढलं होतं. तिथं पेशींच्या मधल्या जागेत सॉर्बिटॉल नावाची साखर आणि रस साठलेला असतो, जपानमध्ये अशा फळाला जास्त भाव मिळतो. चाचा असं फळ ओळखून वेगळं देतात आणि "आठवड्यात संपवा, टिकायचं न्हाई" हे सांगतात. तेही बरोबर आहे, अशी फळं साठवणीत लवकर तपकिरी पडतात.

मार्च ते जूनमध्ये येणारं काश्मिरी सफरचंद आदल्या शरदात तोडलेलं असतं. हे ऐकून लोक दचकतात. मी दचकत नाही, कारण त्यामागचं काम मला माहीत आहे. फ्रँकलिन किड आणि सिरिल वेस्ट या केंब्रिजच्या दोन शास्त्रज्ञांनी 1920 च्या दशकात दाखवून दिलं, की थंडीबरोबर हवेतला ऑक्सिजन कमी केला आणि कार्बन डायऑक्साइड वाढू दिला तर सफरचंदाचा श्वास मंदावतो. 1929 मध्ये इंग्लंडात केंट परगण्यात असं पहिलं व्यापारी गोदाम उभं राहिलं. आज पुलवाम्याजवळ लासीपोऱ्याला अशी मोठी गोदामं आहेत. आपल्या हवेत ऑक्सिजन 21 टक्के असतो, तिथल्या बंद खोलीत तो 1 ते 3 टक्क्यांवर आणतात. आत माणूस गुदमरेल, फळ मात्र झोपतं. खोली एकदा उघडली की फळाचं घड्याळ परत सुरू होतं, म्हणून ते फळ आणल्यावर लगेच खायचं असतं. चाचा अशा पेटीवर खडूनं खोली उघडल्याची तारीख लिहितात. घाऊक व्यापाऱ्याकडून ती तारीख विचारून घेणारा किरकोळ दुकानदार मी दुसरा बघितलेला नाही.

याच्या उलट अनुभव शहरातल्याच एका मोठ्या चकचकीत दुकानात आला. सीपीआर रुग्णालयात एका नातेवाइकाला बघायला जाताना घाईत तिथून एक किलो घेतली, वॉशिंग्टन म्हणून. स्टिकर नीट वाचला तर फळ भलत्याच देशाचं. गाड्यांवरही कुठल्याही गुळगुळीत लाल फळाला वॉशिंग्टनच म्हणतात. चाचांकडं देश सांगून विकतात. दक्षिण गोलार्धातला गाला, म्हणजे न्यूझीलंड, चिली, दक्षिण आफ्रिका इथला, आपल्या उन्हाळ्यात ताजा असतो, कारण तिकडं तेव्हा तोडणी चालू असते. त्या दिवसांत तोच घ्यावा, किलोला अडीचशेच्या आसपास पडतो.

सातवीतली माझी मुलगी एकदा बरोबर आली होती. तिनं किन्नौरच्या बिया कुंडीत लावल्या होत्या आणि असंच फळ कधी येईल म्हणून चाचांना विचारत होती. चाचा म्हणाले, "बाळ, बी लावून तसलं फळ येत न्हाई, कलमच लागतंय." अगदी खरं. बीपासून आलेलं प्रत्येक सफरचंदाचं झाड आई-बापाहून वेगळं निघतं, आणि बहुतेक वेळा फळ आंबट-तुरट असतं. त्यामुळं आवडलेली जात टिकवायची तर त्याच झाडाची काडी दुसऱ्या खुंटावर बांधत जावं लागतं. जगातलं प्रत्येक रेड डेलिशस हायटच्या शेतातल्या त्या एका झाडाचाच तुकडा आहे. आणि सगळ्या सफरचंदांचं माहेर कझाकस्तानातल्या तिएन शान डोंगरात. 1929 मध्ये निकोलाय वाव्हिलोव्ह हे रशियन वनस्पतिशास्त्रज्ञ अल्माटीला गेले तेव्हा शहराभोवतीच्या उतारांवर जंगली सफरचंदांची रानं बघून हेच मूळस्थान असणार हे त्यांच्या लक्षात आलं. पुढं जनुकांच्या अभ्यासानंही ते पक्कं झालं. तिथून व्यापारी वाटेनं घोडे, उंट आणि माणसांबरोबर हे फळ युरोपात गेलं आणि तिथल्या रानटी आंबट सफरचंदाशी त्याचा संकर झाला.

मुलीला न्यूटनची गोष्ट ठाऊक होती, डोक्यात सफरचंद पडल्याची. डोक्यात पडल्याचं न्यूटननं कुणाला सांगितलेलं नाही. 1726 मध्ये बागेत चहा घेताना म्हाताऱ्या न्यूटननं विल्यम स्टकली या मित्राला सांगितलं ते इतकंच, की फळ पडताना बघून ते सरळ खालीच का येतं हा विचार सुरू झाला. न्यूटनच्या वूल्सथॉर्प गावचं ते झाड 1820 च्या वादळात आडवं झालं, पण मुळाशी जिवंत राहिलं, आणि त्याची कलमं जगभर गेली. पुण्याच्या आयुका या खगोलशास्त्राच्या संस्थेतही लावली होती. ती संस्था उभी करणारे जयंत नारळीकर आपल्या कोल्हापूरचे, जन्म 1938, इथलाच. हे सांगितल्यावर चाचांनी मुलीच्या हातात एक गोल्डन ठेवलं आणि पैसे घेतले नाहीत.

सफरचंदाच्या दंतकथा बहुतेक थंड मुलखातल्या. ग्रीकांच्या गोष्टीत सोन्याच्या सफरचंदावरून तीन देव्या भांडतात आणि त्यातून ट्रॉयचं युद्ध पेटतं. मला जास्त पटते ती उत्तरेकडच्या नॉर्स लोकांची इदुन. तिच्याजवळची सफरचंदं खाऊन देव तरुण राहतात, तिला पळवून नेल्यावर सगळे भराभर म्हातारे होतात. जिथं सहा महिने बर्फ आणि ताजं काही उगवत नाही, तिथं तळघरात टिकून राहणारं हे एकच फळ. त्याला तारुण्य देणारं मानलं असेल तर ते अनुभवातूनच, असं मला वाटतं.

रोज एक सफरचंद खा आणि डॉक्टरला लांब ठेवा, ही म्हण 1866 मध्ये वेल्समधली म्हणून छापलेली सापडते. 2015 मध्ये अमेरिकेत खरंच तपासून बघितलं, तर रोज सफरचंद खाणाऱ्यांच्या डॉक्टरकडच्या फेऱ्या कमी नव्हत्या, डॉक्टरनं लिहून दिलेल्या गोळ्या मात्र थोड्या कमी होत्या. शंभर ग्रॅममध्ये क जीवनसत्त्व 5 मिलिग्रॅमसुद्धा नाही, पेरूत ते 200 च्या वर असतं. चाचा आजाऱ्यासाठी फळ मागणाऱ्याला पेरू किंवा मोसंबीही सुचवतात, महाग सफरचंदच गळ्यात मारत नाहीत.

आता खटकलेल्या गोष्टी. भाव गाडीपेक्षा किलोला वीस ते चाळीस रुपये जास्त आहेत. मला ते पटतात, पण महिन्याचा हिशेब घट्ट असेल त्याला पटतीलच असं नाही. चव बघायला फोडी देतात ती सुरी अननसालाही तीच, त्यामुळं सफरचंदाचा वास कळत नाही. मी हे तोंडावर सांगितलं आहे, अजून वेगळी सुरी आलेली नाही. कापलेल्या फोडी ताटलीत तपकिरी होऊन पडतात, नुसतं लिंबू पिळलं तरी हे थांबेल. आणि काश्मीरची स्वतःची जुनी जात, अंबरी, त्यांच्याकडं क्वचितच येते. तिचा सुगंध डेलिशसला नाही आणि ती थंड खोलीशिवायही बराच काळ टिकते. चाचा म्हणतात, आकार वेडावाकडा आणि रंग फिका म्हणून पेटी उठत नाही. दहा-पंधरा गिऱ्हाइकांनी आधी सांगून ठेवलं तर ते ऑक्टोबर-नोव्हेंबरात मागवायला तयार आहेत. वाचणाऱ्यांपैकी कुणाला हवी असेल तर दुकानात सांगून ठेवा.

भावाबद्दल चाचांची बाजूही सांगतो. 2025 च्या सप्टेंबरात दरडी कोसळून जम्मू-श्रीनगर महामार्ग दिवसेंदिवस बंद होता आणि ट्रकमध्येच फळ कुजलं. तेव्हा आलेल्या पेट्यांमधला खराब माल चाचांनी बाहेर काढून टाकला, खाली दडवून वरून चांगली चार रचली नाहीत. पेटी नेहमी गिऱ्हाइकासमोर फोडतात, खालचा थर आधी दाखवतात. अख्खी पेटी घेतली तर भाव बराच उतरतो, दोन-तीन घरांनी मिळून घ्यावी.

रविवारी आठवडी बाजारामुळं बोळात दुचाकीसुद्धा जात नाही, तेव्हा शक्यतो मधल्या वारी सकाळी नऊच्या आत जा. तोपर्यंत पेट्या नुकत्या फुटलेल्या असतात आणि चाचांना बोलायला वेळ असतो. फोनवरून पैसे चालतात. ऑगस्टमध्ये पट्टेवालं रॉयल, सप्टेंबरात गोल्डन, ऑक्टोबर ते डिसेंबर किन्नौर, मार्चनंतर खडूची तारीख बघून काश्मिरी नाहीतर गाला. घरी नेल्यावर न धुता, कागदी पिशवीत, फ्रिजच्या खालच्या कप्प्यात ठेवा, आणि धुवायचं ते खायच्या वेळी.